लेंपीची पट्टी

टू हार्बर्स, २१ एप्रिल

रूडी,

लावली. आज सकाळी, शाळेची बस यायच्या आधी, लेंपीच्या उजव्या कमरेवर, इलॅस्टिक घासणार नाही अशा जागी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायचं की पत्र सरोवरात भिरकावायचं ते तुला ठरवता येईल.

फोन तू उचलत नाहीस. बोट सुपिरियर सरोवराच्या मध्यावर असली की रेंज मिळत नाही, ठाऊक आहे. पण डेट्रॉइटला मिळते, आणि तिथेही तू उचलत नाहीस. म्हणून पत्र. डाकबोटवाले ते तुमच्या बादलीत टाकतील, तुम्ही दोरीने बादली वर ओढाल, आणि आपल्या नावाचं पाकीट न फोडता खिशात ठेवणारा माणूस तू नाहीस.

हे पत्र परवानगी मागायला लिहिलेलं नाही. मार्चमध्ये बोटी सुटल्या त्या दिवशी तू दारात उभा राहून म्हणालास, "माझ्या पोरीला औषध देऊन गप्प बसवायचं असेल, तर मी कुठे आहे ते विचारू नकोस." आणि पिशवी खांद्यावर टाकून निघालास. तुला तिकडे डेक धुवायचा असतो, साखळदंड सांभाळायचे असतात, जेवण आयतं मिळतं. इथे ती आणि मी.

फेब्रुवारीत ती हमरस्त्यावर ओंडक्यांच्या ट्रकसमोर धावली, एका कावळ्यामागे. ड्रायव्हर खाली उतरून रस्त्याच्या कडेला बसला आणि रडला. तुला सांगितलं तर म्हणालास, "मीही असाच होतो." असशील. तुला ट्रक लागला नाही हे तुझं नशीब, त्यावर मी माझी मुलगी सोडू शकत नाही.

पण माझं ठरलं ते ट्रकमुळे नाही. तू गेल्यावर मी शाळेत गेले, तर तिचं बाक वर्गाबाहेर, बोळात, कोट टांगायच्या खुंट्यांखाली. एकटीच बसून खोडरबराचे तुकडे करत होती. मी विचारलं, "इथे का गं बसवलंय?"

म्हणाली, "मी सगळ्यांवर सांडते ना, म्हणून."

आठ वर्षांची आहे, रूडी. कुणी शिकवलं तिला हे वाक्य? कुणीच नाही. तिचं तिला सापडलं.

गोळी तिच्या घशाखाली उतरत नाही, हे तू पाहिलंयस. भुकटी करून सफरचंदाच्या गरात कालवून दिली, तर तिने सफरचंद खायचंच सोडलं. तेव्हा डॉक्टर विंथर म्हणाल्या, कातडीवर लावायची पट्टी असते. सकाळी लावायची, दुपारी काढायची. औषध हळूहळू आत जातं, आणि पट्टी काढली की काही वेळाने ओसरतं. मी विचारलं, "आणि मधेच नको वाटलं तर?" त्या म्हणाल्या, "तर लवकर काढा. गिळलेली गोळी परत मागता येत नाही, ही येते." तिथेच मी हो म्हटलं. तुझाच विचार मनात होता, हे तुला खरं वाटणार नाही.

पट्टी लावल्यावर तळहाताने दाबून धरायची असते, नीट चिकटेपर्यंत. माझ्या हाताला धुरीखान्यातल्या माशांचा आणि धुराचा वास होता. लेंपी म्हणाली, "आई, मला मासा करून टाकलंस." आणि बसकडे पळाली.

मारिट

१४ मे

रूडी,

उत्तर नाही. चालेल.

बाक वर्गात आलं. बाईंनी चिठ्ठी पाठवली: लेंपी आता फार छान बसते, तिच्याकडून काही त्रास नाही. डॉक्टरांनी मागच्या आठवड्यात पट्टी एक माप मोठी केली, तेव्हापासून तर विशेषच. वाचन सुधारलंय. एक आख्खं पुस्तक संपवलं, बीव्हरांचं.

जेवण थोडं कमी झालंय. दुपारचा डबा तसाच येतो. मी रात्री झोपायच्या आधी पुन्हा खायला घालते, लोणी थापून ब्रेड, चीज, जे खाईल ते. पट्टी काढली की खाली लाल चौकोन उमटतो, म्हणून आज उजवीकडे तर उद्या डावीकडे. गोंद राहतो तो खायच्या तेलाने पुसून काढते. अंघोळीत एकदा कोपरा सुटला. वरून चिकटपट्टी मारायची नाही असं बजावलंय, त्यामुळे ती सुटली की त्या दिवसाचं काय ते तिथेच ठरवावं लागतं.

तुझी आई आली होती, वेलदोड्याचे पाव घेऊन. मी लेंपीचा शर्ट वर केला आणि तिने पाहिलं.

"हे काय? लागलं का तिला?"

"औषध आहे, एल्वी."

"कसलं?"

मी सांगितलं. तुझी आई काही वेळ पावाच्या टोपलीवरचं फडकं नीट करत राहिली. मग म्हणाली, "आमच्या वेळी असल्या पोरांना लाकडं फोडायला द्यायचो. मग सॉनाच्या वाफेत बसवायचो. झोपायची गप."

मी म्हटलं, "आणि रूडीला?"

"रूडीला दोन्ही. लाकडंही आणि गोळ्याही. शाळेने सांगितलं म्हणून." नंतर पुटपुटली, "तो दुपारभर खिडकीशी बसायचा. त्याच्यापुढून कुत्रं गेलं तरी मान वळवायचा नाही. मला वाटायचं, सुधारला."

तू मला यातलं निम्मंच सांगितलं होतंस. कुत्र्याचं नव्हतं सांगितलं.

निघताना दारात म्हणाली, "मी तिच्या बाजूची आहे, तुझ्या नाही. लक्षात ठेव." मी म्हटलं, "मग आपण एकाच बाजूला आहोत." तिला ते आवडलं नाही.

मारिट

२४ जून

रूडी,

मध्यउन्हाळ्याची होळी झाली, नेहमीच्या खडकावर. हवा छान होती. माझी बहीण करीन तिच्या ओस्करला घेऊन डुलूथहून आली होती. त्यांना लवकर निघावं लागलं, ओस्करला बरं नव्हतं. तो आता ठीक आहे. लेंपी मजेत. यंदा ट्राउट मासा भरपूर मिळतोय, धुरीला दोन्ही खोल्या लावल्या आहेत.

तुझी बोट परवा क्षितिजावरून गेली, इकडे वळली नाही. तुझ्या आईने दुर्बिणीतून पाहिली.

मारिट

३ जुलै

रूडी,

मागचं पत्र फसवं होतं. तुझ्या हाती आयतं कोलीत जाऊ नये म्हणून तसं लिहिलं. पण तुला करीनकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

ओस्कर चार वर्षांचा आहे, तुला माहीतच आहे कसा. होळीच्या दिवशी करीन सकाळपासून त्याच्यावर ओरडत होती. खडकावर चढू नकोस, आगीजवळ जाऊ नकोस, किती वेळा सांगू, तुझ्यापुढे हात टेकले. लेंपी हे सगळं ऐकत होती. दुपारी दोघं सॉनाच्या मागे खेळत होती. थोड्या वेळाने ओस्कर आला तो लालबुंद, डोळे मोठे, हात एका जागी ठरेना. करीनने त्याला मांडीवर घेतलं आणि किंचाळली, "मारिट, याची छाती बघ कशी उडतेय!"

मी त्याचा शर्ट काढला. पाठीवर लेंपीची पट्टी.

मी ती ओढून काढली. कातडी तिच्याबरोबर येते की काय असं वाटलं. विषबाधेच्या नंबरवर फोन केला, त्यांनी सांगितलं दवाखान्यात न्या. करीन मागे त्याला धरून बसली आणि मी गाडी चालवली. सबंध रस्ता ती एकच वाक्य म्हणत होती, "काय घालतेस तू तुझ्या पोरीच्या अंगात? काय घालतेस?" लेंपी पुढे माझ्याशेजारी बसून होती.

तिथे त्याच्या छातीला तारा लावल्या, बघत राहिले. संध्याकाळपर्यंत ठोके जागेवर आले. तो आइस्क्रीम मागायला लागला तेव्हा डॉक्टर हसले. करीन हसली नाही. ती अजून माझ्याशी बोलत नाही, आणि तिचं चुकतंय असं मी म्हणणार नाही.

परत येताना आम्ही दोघीच होतो, गाडी पेट्रोलपंपावर थांबवली. मला ओरडायचं होतं. मनात सगळं तयार होतं. मी विचारलं, "का लावलीस?"

लेंपी म्हणाली, "त्याला कुणी ओरडू नये म्हणून. मला लावल्यापासून कुणी ओरडत नाही."

मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. काय ओरडणार होते मी?

आता तू म्हणशील, बघ, सांगत होतो. म्हण. पण औषध मी थांबवणार नाही. ती पट्टी पोरीला कळत नाही अशी गोष्ट म्हणून मी लावत होते, ते थांबवलंय. दुसऱ्या दिवशी तिला समोर बसवून सगळं सांगितलं: हे औषध आहे, खाऊ नाही, बक्षीस नाही. तुझ्या वजनाला, तुझ्या छातीला मोजून दिलेलं आहे. दुसऱ्याला लागलं तर तो मरूसुद्धा शकतो. हो, हाच शब्द वापरला. आता काढलेली पट्टी ती स्वतः चिकट बाजू आत करून दुमडते आणि माझ्या हातात देते. आणि मी तिला घेऊन डुलूथला गेले. करीनने दार अर्धंच उघडलं. लेंपीने त्या फटीतून ओस्करला सांगितलं, "मी तुला माझं औषध लावलं, ते चूक होतं. तुला ओरडलं तर तू माझ्याकडे ये." करीनने दार लावून घेतलं, पण हळू.

मारिट

१७ ऑगस्ट

रूडी,

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या महिन्यांनी, पुढे क्लीव्हलँडच्या पुलाचं चित्र आणि मागे तीन शब्द. *ती हसते का?*

नाव नाही, गाव नाही. दुसऱ्या कुणाच्या हाती पडलं असतं तर वेड लागलं असतं त्याला.

मी ते धुरीखान्यात भिंतीला लावून ठेवलं आणि दिवसभर मासे साफ करताना बघत होते. पटकन "हो" लिहून पाठवणं सोपं होतं. पण तू तेवढंच विचारलंयस, तर नीट सांगते.

मेमध्ये मोठी पट्टी सुरू झाली, बाईंची चिठ्ठी आली, ते तुला लिहिलं होतं. हे लिहिलं नव्हतं, की त्या दिवसांत ती हसत नव्हती. रडतही नव्हती. सांगितलं की करायची. मी मुद्दाम माशाचं डोकं हातात धरून त्याच्या तोंडाने बोलून दाखवलं, ज्यावर ती लोळायची. तिने शांतपणे बघितलं आणि म्हणाली, "छान." नखांच्या कडेची कातडी सोलत बसायची. सगळे म्हणत होते, किती गुणी झाली. आणि मला तुझ्या आईने सांगितलेलं ते कुत्रं आठवत होतं.

मी दवाखान्यात फोन केला. नर्स म्हणाली, "सवय व्हायला वेळ लागतो. शाळेचा अहवाल तर उत्तम आहे. पुढच्या महिन्यात तारीख आहेच तुमची."

मी म्हटलं, "शाळेला गप्प मूल हवंय. मला माझं हवंय."

"डॉक्टरांना वेळ नाही हो आज."

त्या दिवशी मी तिला पट्टी लावली नाही, धुरीखान्यात निरोप दिला आणि दोघी जाऊन दवाखान्यात बसलो. पट्टी नसलेली लेंपी आणि तो प्रतीक्षाकक्ष, तू कल्पना कर. तिने माशांच्या टाकीत हात घातला, एका आजोबांची काठी घेऊन घोडा केला, तीनदा पाणी सांडलं. नर्सने दोनदा डोळे वटारले. मी मासिक वाचत बसले. जेवणाच्या सुट्टीआधीच डॉक्टर विंथर बाहेर आल्या.

त्यांना मी सरळ सांगितलं, "माझ्या नवऱ्याला लहानपणी औषधाने दगड करून ठेवलं होतं. तेव्हा कुणी बघितलं नाही. मी बघतेय. हे माप चुकलंय."

त्या रागावल्या नाहीत. लेंपीचं वजन केलं, ते उतरलं होतं. तिला विचारलं, "पट्टी लावल्यावर आत कसं वाटतं गं?" लेंपी म्हणाली, "बर्फाखाली पाणी असतं ना, तसं. वरून कुणी चालतं ते ऐकू येतं." डॉक्टरांनी हे लिहून घेतलं. तिथल्या तिथे पुन्हा लहान पट्टी दिली, आणि काढायची वेळही अलीकडे आणली.

म्हणजे तुला ज्याची भीती होती ते झालं, रूडी. माझ्या डोळ्यांदेखत झालं. तू खोटं बोलत नव्हतास. फरक एवढाच, की मी औषध बंद केलं नाही, माप बदलायला लावलं. तू इथे असतास तर माझ्याआधी ओळखलं असतंस, कारण तू आत राहून आलायस. त्याचा मला खरा राग आहे. औषधाला नाही म्हणालास त्याचा नाही. ज्याला सगळ्यात जास्त कळतं तोच माणूस पाण्यावर निघून गेला, त्याचा.

आता हसते का? हसते. परवा तुझ्या आईने धुतलेल्या चादरी वाळत घातल्या होत्या, त्यांत शिरून ही भूत झाली. तुझी आई खरोखर दचकली आणि फिनिश भाषेत असं काही बोलली की मला त्याचा अर्थ विचारायची हिंमत झाली नाही. दोघी गवतावर बसून हसत होत्या. आणि दुपार झाली तशी तुझ्या आईनेच हाक मारली, "अगं, पट्टी काढायची वेळ झाली! घड्याळ बघता की नाही तुम्ही बायका?" तेल घेऊन तयार.

दुपार उतरली की अजून त्रास होतो. औषध ओसरतं तशी ती चिडते, मोजा टोचतो म्हणून रडते, दार आपटते. तेव्हा मी तिला सॉनामागे लाकडं रचायला पाठवते. तुझ्या आईची ती गोष्ट बरोबर होती.

एवढं सगळं कार्डावर मावलं नसतं.

मारिट

५ ऑक्टोबर

रूडी,

काल रात्री बोट सुटली तेव्हा आम्ही धक्क्यावर नव्हतो, कारण लेंपीला झोप लागली होती आणि मला तिला उठवायचं नव्हतं. पण भोंगा ऐकला.

तुझ्यासमोर मला बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

तुमची बोट खनिज भरायला येणार हे सगळ्या गावाला दोन दिवस आधी कळलं होतं. मला मासेवाल्याने सांगितलं, तुझ्या आईला चर्चमध्ये, लेंपीला बसच्या ड्रायव्हरने. मी कुणाला काही बोलले नाही. लेंपीला म्हटलं, बाबांना कामावर असायला लागेल, आले तर आले. आणि दुपारी धुरीखान्याच्या दारात तू उभा. बुटांवर लाल धूळ, हातात टोपी. मी म्हणाले, "दार लाव, धूर जातोय." इतक्या महिन्यांनी भेटलेल्या नवऱ्याला हे म्हणायचं असतं का? पण धूर खरंच जात होता.

शाळेतून ती आली आणि तुझ्या अंगावर चढली, ते तुला माहीत आहे. मला सांगायचंय ते नंतरचं, कारण मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि तुझं लक्ष नव्हतं.

ती म्हणाली, "बाबा, माझी पट्टी काढायची वेळ झाली. तुला येते?"

तू माझ्याकडे बघितलंस. मी मुद्दाम बटाटे सोलायला वळले.

तू म्हणालास, "दाखव."

"आधी तेल. कडेला. ओढायचं नाही, हळू सोलायचं. सोललीस की दुमडून दे."

तुझी ती बोटं, साखळदंडाने चिरलेली. किती वेळ लावलास! मी इतक्या हळू कधीच काढली नाही. खालचा लाल चौकोन दिसला तसा तू थांबलास. "दुखतं?"

"खाजतं. काल डावीकडे होती, आज उजवीकडे, म्हणून कमी."

"आणि आतून?"

"ते आई रोज विचारते. आजी विचारते. डॉक्टर विचारते. मला कंटाळा आलाय त्या प्रश्नाचा."

तू म्हणालास, "मला कुणी विचारलं नव्हतं." तिला नाही म्हणालास, टेबलाला म्हणालास. पण तिने ऐकलं. ती म्हणाली, "मग आता सांग. आतून कसं होतं?"

तू सांगितलंस. खिडकी, दुपार, आणि बाहेर पोरं खेळताना दिसायची पण त्यांच्यात जावंसं वाटायचं नाही. इतकी वर्षं संसार केला आपण, मला इतकं सलग कधी सांगितलं नाहीस. तिने मान हलवली, जुन्या खलाशाने हलवावी तशी. "तुझी मोठी पट्टी होती," ती म्हणाली. "माझीपण होती. आईने भांडून लहान केली."

मग जेवणापर्यंत औषध ओसरलं आणि तुला ती दुसरी लेंपी दिसली. खुर्चीवरून उडी, मटणाचा रस्सा टेबलभर, तुझी टोपी कुत्र्याला. तुझी आई म्हणाली, "बघ, बापावर गेलीय." तू तिला विचारलंस, हसतच, पण विचारलंस: "काय गं, यातली खरी लेंपी कोणती? शाळेतून आली ती की ही?"

"दोन्ही मीच," ती म्हणाली. "सकाळी मी एकेक करून येते. संध्याकाळी सगळी एकदम."

तू उठून भांडी घासायला लागलास. जेवण अजून चालू होतं, कुणाचं संपलं नव्हतं. तुझ्या आईने माझ्या हाताला चिमटा काढला, बोलू नकोस म्हणून. मी बोलणार नव्हतेच.

तुला गोदीच्या फाटकापर्यंत सोडायला आले तेव्हा तू काहीतरी म्हणशील याची मी वाट बघत होते. माफी नको होती मला, आणि मीही मागणार नव्हते. तू म्हणालास, "बाजू रोज बदलत जा. आणि हिवाळ्यात तिची कातडी कोरडी पडते, लक्ष ठेव." आणि शिडीकडे गेलास.

घरी येईपर्यंत मी ते मनात घोळवत होते. मग कळलं, की तू हिवाळ्याबद्दल बोललास, पट्टी तेव्हाही असेल हे धरून.

जानेवारीत बर्फामुळे कालव्याचे दरवाजे बंद होतील, बोटी किनाऱ्याला लागतील. त्या दिवशी सरळ घरी ये. खोलीतला हीटर दुरुस्त करून ठेवलाय. सकाळी मला अंधारातच धुरी पेटवायला जावं लागतं, आणि तुझ्या आईचे हात थंडीत थरथरतात. तेव्हा सकाळची पट्टी तुझ्याकडे. लावल्यावर तळहाताने दाबून धरायची, नीट चिकटेपर्यंत, आणि तेवढ्या वेळात ती जे बोलेल ते ऐकायचं. मापात काही चुकतंय असं वाटलं तर मला सांगायचं, बोटीवर जायचं नाही.

करीनचा फोन आला होता. ओस्करच्या शाळेतून चिठ्ठी आलीय म्हणाली, तो एका जागी बसत नाही. विचारत होती, तुमच्या त्या डॉक्टरीणबाई कशा आहेत. मी म्हटलं, चांगल्या आहेत, पण तू ठाण मांडून बसायची तयारी ठेव.

मारिट